पेट्रोल पंपावरचा धोका मोबाइलच्या पाटीआड

महोदय,

‘मोबाइल वापरू नका’ ही पाटी आणि यूपीआयचा क्यूआर कोड अनेक पंपांवर शेजारी-शेजारी दिसतात. रोज तिथेच मोबाइलवरून पैसे दिले जातात, तरी मोबाइलच्या लहरींनी पेट्रोल पेटते ही समजूत हलत नाही.

हवेत पेट्रोलची वाफ १.४ ते ७.६ टक्के असली, की पाव मिलिज्यूल इतक्या अल्प ऊर्जेची ठिणगीही ती पेटवायला पुरते. अमेरिकेतल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने (पंपांच्या उपकरण उद्योगाची संघटना) स्थिर विजेमुळे, म्हणजे घर्षणाने अंगावर साचणाऱ्या विद्युतभारामुळे, लागलेल्या दीडशेहून अधिक आगी नोंदवल्या. मोबाइलमुळे लागलेली एकही नाही. तिथे ग्राहक स्वतः पेट्रोल भरतो. मध्येच गाडीत जाऊन बसतो, सीटवर कपडे घासले जातात आणि उतरून तो थेट नोझल धरतो. अंगावर ५,००० व्होल्ट साचले, तर ठिणगीत एक-दोन मिलिज्यूल ऊर्जा असते.

सीसीटीव्हीच्या चित्रणात हातातला मोबाइल दिसतो, अंगावरचा विद्युतभार दिसत नाही. समजूत टिकते ती इथे. त्यात पाटी अधिकृत. शेल कंपनीच्या नावाने इशाऱ्याचा ई-मेल जगभर फिरला, तोही कंपनीचा नव्हता.

आपल्याकडे नोझल कर्मचाऱ्याच्या हाती असते, म्हणून वरचा प्रकार कमी. पण स्कूटरच्या फूटबोर्डवर किंवा गाडीच्या डिकीत प्लॅस्टिकचा कॅन ठेवून तो भरून घेणारे पुष्कळ आहेत. तिथे भाराला जमिनीत उतरायला वाटच नसते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हिवाळ्यात तो आणखी साचतो. बाटली तर नकोच. पेट्रोलसाठीचाच कॅन जमिनीवर ठेवावा, नोझल त्याच्या तोंडाला टेकलेले असावे, धार हळू असावी. दुचाकीवरून उतरावे, इंजिन बंद करावे, टाकी काठोकाठ भरू नये. तापलेल्या इंजिनावर किंवा सायलेन्सरवर पेट्रोल सांडले, तर किक न मारता गाडी ढकलत दूर न्यावी. टाकीच्या तोंडाशी भडका उडालाच, तर नोझल उपसू नये, पेट्रोल सगळीकडे उडते. मागे सरून आपत्कालीन बटण दाबायला सांगावे.

मोबाइलची पाटी काढा, असे म्हणणे नाही. ज्वालाग्राही वाफेत वापरण्यासाठी साधा फोन बनवलेला नसतो आणि बोलण्याच्या नादात लक्षही उडते. म्हणूनच क्यूआर कोड नोझलपासून दूर, कार्यालयाच्या खिडकीपाशी लावावा. तेल कंपन्यांनी त्याच पाटीखाली, तितक्याच ठळक अक्षरांत ‘कॅन जमिनीवर ठेवूनच भरा’ असे लिहावे.

– एक वाचक, सोलापूर