कामाच्या फायली डोळ्यांसमोर असाव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या आणि पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखानदारांना मी चादरी व टॉवेलांची जकार्ड डिझाइन, म्हणजे विणीतच उमटणारी नक्षी, संगणकावर तयार करून देतो. दिवाळीच्या आधी माझा संगणक फारच संथ चालू लागला, म्हणून ओळखीच्या तंत्रज्ञाला बोलावले. ‘फॉरमॅट मारावा लागेल’, म्हणजे सगळे पुसून विंडोज नव्याने टाकावे लागेल, असे त्याने सांगितले. त्याने कामात हयगय केली असे मी मुळीच म्हणणार नाही. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, सगळा डी ड्राइव्ह आणि माझ्या सांगण्यावरून डिझाइनच्या सॉफ्टवेअरचे ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधील अख्खे फोल्डर त्याने बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतले. विंडोज नव्याने टाकल्यावर ते फोल्डर उघडले, तेव्हा आत सॉफ्टवेअरसोबत आलेली नमुन्याची चार डिझाइन तेवढी होती. माझे तीन वर्षांचे काम त्यात नव्हते.

असे का झाले, ते पुढे चौकशी केल्यावर समजले. २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये सामान्य वापरकर्त्याच्या परवानगीने काही लिहिता येत नाही. परंतु जुन्या पद्धतीची सॉफ्टवेअर तिथेच फाइल साठवू पाहतात, आणि ती बंद पडू नयेत म्हणून विंडोज अशी फाइल मुकाट्याने ‘ॲपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरातील ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या जागी वळवते. सॉफ्टवेअरच्या खिडकीतून पाहिले, तर फाइल ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्येच असल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात ती तिथे नसते. म्हणजे मी रोज जी जागा डोळ्यांनी पाहत होतो आणि तंत्रज्ञाला बोट ठेवून दाखवली, तीच खरी नव्हती.

पूर्वी आमच्या धंद्यात डिझाइन आलेख कागदावर रंगवत, त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना छिद्रे पाडत आणि दोऱ्याने ओवलेली ती माळ मागावर चढवत. ते काम वेळखाऊ होते, कार्डे फाटत, उंदीरही कुरतडत. पण कोणत्या डिझाइनची माळ कुठे टांगली आहे, हे कारखान्यातला नवखा पोरगाही सांगू शकत असे.

सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, माणसाने स्वतः केलेले काम आणि सॉफ्टवेअरचे स्वतःचे सामान या दोन गोष्टी त्यांनी एका जागी ठेवू नयेत. सेटिंग, तात्पुरत्या फायली, नोंदी हे सारे खुशाल लपवलेल्या फोल्डरात राहू द्यावे, कारण नवखा माणूस तिथे हात घालून काही बिघडवू शकतो, ही त्यांची भीती रास्त आहे. मात्र ज्या फाइलसाठी मी रात्र जागवली, ती आपोआप डॉक्युमेंट्समध्ये, सॉफ्टवेअरच्या नावाच्या स्पष्ट फोल्डरात गेली पाहिजे, आणि पहिल्यांदा सॉफ्टवेअर उघडताना ही जागा दाखवून ‘बदलायची आहे का?’ असे एकदा विचारले पाहिजे. आपल्याकडे बहुतेक जण डी ड्राइव्हवर काम ठेवतात. त्यांना तो मार्ग तिथेच मिळेल. जागा बदलण्याची सोय सेटिंगमध्ये असतेच, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, कारण जागा चुकीची आहे हे कळेपर्यंत ते सेटिंग कोणी उघडतच नाही.

मोबाइलवरही हाच धोका आहे. अँड्रॉइडमध्ये ॲपने आपल्या खासगी जागेत ठेवलेल्या फायली ॲप काढून टाकताच बहुधा त्याच्यासोबत पुसल्या जातात. काम थेट क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत, पाठवणारी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनीही आधी विचारावे. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह या अशाच साठवणीची मोफत जागा ५ जीबी आहे, आणि ती भरली की पुढच्या फायली वर चढत नाहीत.

गेलेल्या डिझाइनपैकी अकरा मी कारखानदारांकडच्या जुन्या टॉवेलांवरून, भिंगाखाली धागे मोजून, पुन्हा काढली आहेत. उरलेल्यांचा मालच आता कोणाकडे शिल्लक नाही.

आपला विश्वासू,
एक जकार्ड डिझाइनर, सोलापूर