अक्का, तिकिटामागच्या दोन तारखांसाठी

सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक अक्कांना,

नमस्कार. नाव घालत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही, आणि ज्या पोरांच्या वतीनं लिहितोय त्यांना तर नाहीच नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत प्रथमोपचाराची पेटी सांभाळणाऱ्यांचं पत्र आलंय, एवढं समजा.

तुमच्या दारात येईपर्यंत पोरगं कुठंकुठं फिरून आलेलं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आधी मेडिकल. "मित्राला पाहिजेत" म्हणून अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या. दोन दिवसांत पू कमी येतो, परमा (गोनोरिया) गेला म्हणून गडी खूश. जंतू पुरते मेलेले नसतात, नुसते दबलेले असतात. मग कधीकधी तपासणीतही सापडत नाहीत आणि तोवर घरी बायकोला लागण झालेली असते. त्यानंतर भिंतीवर 'शर्तिया इलाज' रंगवणारे, रक्त न बघताच सुई टोचून मोकळे. मग कुणीतरी लॅबचं ऐंशी टेस्टचं पॅकेज सुचवतो. त्यात थायरॉइड, व्हिटॅमिन डी, सगळं. गरमीची (सिफिलिसची) व्हीडीआरएल तपासणी नाही! एका ठिकाणी तर काउंटरवरनं हाक आली, "एचआयव्हीवाले तिकडं बसा." बाकावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. 2017 च्या एचआयव्ही कायद्यात गुप्तता पाळायचं लिहिलंय, पण काउंटरवरच्या माणसाला तो कोण वाचून दाखवणार?

तुमचा पहिला प्रश्न काय होता? "कुठली पाळी चाललीय?" कुठं गेलतास, कोण होती, ते नंतर. तेही दार लावून.

आणि मग सगळं पाळीवर बसवून दिलंत. दुपारपाळीच्या आठवड्यात सकाळी या, नाष्टा करून या. एचआयव्ही, व्हीडीआरएल, हिपॅटायटिस बी, कशालाच उपाशीपोटी यावं लागत नाही. रात्रपाळी करून उपाशी आलेला गडी सुई बघूनच घेरी येऊन पडतो, मग ना रक्त, ना झोप. एकाच टोचण्यात तिन्हींचं रक्त निघतं आणि दुपारी तीनचं हजेरीचं पंचिंग चुकत नाही.

लघवीची पीसीआर (जंतूंचा अंश शोधणारी तपासणी) बाहेरच्या लॅबमधून करायची असली तर काय चुकतं, हेही तुमच्याकडूनच पोरांना कळलं. साध्या तपासणीत पहिली धार सोडून मधली घेतात. इथं उलटं. परम्याचे आणि क्लॅमिडिया या तसल्याच गुप्तरोगाचे जंतू मूत्रनळीत असतात, ते पहिल्या धारेबरोबर धुऊन येतात. म्हणून सुरुवातीचीच लघवी घ्यायची, 20 ते 30 मिलि, आणि त्याआधी निदान तासभर लघवीला जायचं नाही. शहाणपणा करून डबी काठोकाठ भरली की नमुना पातळ होतो, आणि असलेला जंतूही हुलकावणी देतो.

गरमीचा चट्टा दुखत नाही, आपोआप वाळतो, म्हणून माणूस फसतो. व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आलेल्याला तुम्ही घाबरवलं नाहीत. टीपीएचए ही गरमीची दुसरी रक्ततपासणी करून खात्री केल्यावर पेनिसिलिनची तारीख सुट्टीच्या आदल्या दिवशीची धरलीत. 24 लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांवर अर्धं-अर्धं. त्या रात्री थंडीताप येऊ शकतो, जंतू मरताना येतो तो, औषधाची ॲलर्जी म्हणून घाबरू नका, हे आधीच सांगितलंत. नाहीतर गडी तापात भट्टीसमोर उभा राहिला असता. पुढं व्हीडीआरएलचा 1:32 चा आकडा 1:8 वर आला की औषध लागू पडलं, हा हिशेब सुपरवायझरलाही समजेल इतका सोपा करून दिलात. बायकोलाही बोलावून घेतलंत, तेही तिच्यावर बोट न रोखता.

पण खरं पत्र त्या तिकिटासाठी.

संबंधानंतर पाचव्या दिवशी आलेल्या एकाची एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह आली. पोरगा उड्या मारत निघाला होता. तुम्ही हात पुढं केलात, "बसचं तिकीट हाय का?" आणि तिकिटाच्या पाठीवर बॉलपेननं दोन तारखा लिहिल्यात, सहा आठवड्यांची आणि तीन महिन्यांची. नाव नाही, रोग नाही, शिक्का नाही. आजचा रिपोर्ट तीन महिन्यांमागचं सांगतो, त्या रात्रीचं नाही; रक्तात प्रतिपिंडं दिसायला वेळ लागतो, एवढं समजावलंत. 72 तासांच्या आत आला असता तर एचआयव्ही टाळायच्या 28 दिवसांच्या गोळ्या सुरू करता आल्या असत्या, हेही सांगितलंत. रागावून नाही, पुढच्या कुणाला उपयोगी पडावं म्हणून.

ते तिकीट आम्ही बघितलंय. भट्टीच्या धगीनं पुढची छापील बाजू पार काळी पडलीय, थर्मल कागद ना तो. पाठीवरच्या तारखा शाबूत आहेत. धुण्याआधी खिसे तपासताना आईच्या हाती लागलं तरी काय, दोन तारखा. हप्त्याच्या असतील.

संमतीचा कागद कन्नडमध्ये होता. ओळीओळीवर बोट ठेवून तुम्ही तो मराठीत सांगितलात. "तुझी रक्त घेतो मी, नको असलं तर उठून जा, कोण अडवत नाही." रक्ताला बाई करणारी ती मराठी अजून पोरांच्या तोंडात आहे. या गावात कन्नड-मराठी पाट्यांवरनं काचा फुटतात, अक्का. तुमच्या खोलीत दोन्ही भाषा एका स्टुलावर बसल्या होत्या.

त्या पोराची पहिली तारीख झाली. निगेटिव्ह. दुसरी अजून यायचीय.

सोमवारपासून मोल्डिंगवाल्यांची दुपारपाळी आहे. दोघं येतील. तिकीट फेकू नका म्हणून सांगून ठेवलंय.

तुमचे,
पेटीवाले