वटहुकूम आणि फळ्यावरच्या तीन चौकटी

संपादक महोदय,

न्यायालये सरकारच्या कामात ढवळाढवळ करतात की नाही, या विषयावर आपल्या अंकात गेले काही दिवस वाचकांची पत्रे येत आहेत. बाजू कोणतीही असली, तरी राज्यघटनेने तिन्ही सत्ता एकमेकींपासून पार तोडून ठेवल्या आहेत, असे बहुतेक पत्रांत गृहीत धरलेले दिसते. या समजुतीत माझाही थोडा वाटा असावा. मी तीसेक वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवले आणि दरवर्षी फळ्यावर तीन चौकटी आखून त्यांत कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ अशी नावे लिहीत आलो. मुलांचे ते पाठ व्हायचे, परीक्षेत गुणही मिळायचे. एका वर्षी मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, की मुख्यमंत्री तर आमदारही असतात, मग त्यांना कोणत्या चौकटीत बसवायचे? मी पहिल्या दोन चौकटींमधली रेघ डस्टरने पुसली आणि पुढे काय सांगावे ते न सुचल्यामुळे तास संपेपर्यंत न्यायमंडळाबद्दलच बोलत राहिलो.

ती रेघ घटनाकारांनी जाणूनबुजून पुसट ठेवली होती, हे मला त्या मुलीला सांगता आले असते. डिसेंबर १९४८ मध्ये के. टी. शहा यांनी संविधान सभेत तिन्ही सत्तांची संपूर्ण फारकत करणारी दुरुस्ती सुचवली होती आणि सभेने ती फेटाळली. अमेरिकेत अध्यक्षाला किंवा त्याच्या मंत्र्याला तिथल्या कायदेमंडळाचे सदस्य राहता येत नाही. आपल्याकडे नेमके उलट आहे, कारण सलग सहा महिने सभागृहाचा सदस्य नसलेल्या मंत्र्याला आपले पदच सोडावे लागते. ही निवड का केली, याचे कारण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात स्पष्ट केले आहे. सरकार स्थिर असावे आणि ते जबाबदारही असावे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सारख्या प्रमाणात साधत नाहीत. अमेरिकी पद्धत स्थैर्याला अधिक महत्त्व देते, तर आपल्या घटनेच्या मसुद्याने जबाबदारी अधिक मानली आहे. संसदीय पद्धतीत सरकारचा हिशेब निवडणुकीच्या वेळी मतदार घेतात, पण त्याखेरीज प्रश्न, ठराव, स्थगन प्रस्ताव आणि अविश्वास प्रस्ताव या मार्गांनी सभागृह तो रोजच्या रोज घेत असते, असे त्यांचे म्हणणे होते.

म्हणजे आपल्याकडे कायदेमंडळ आणि सरकार यांच्यामधली भिंत काढून टाकली ती सरकारला सभागृहात आणून उभे करता यावे म्हणून. सरकारने सभागृह गिळावे, हा त्यामागचा हेतू नव्हता. माझी तक्रार एवढीच आहे, की आपण सारे न्यायालयाच्या सीमेवर पहारा देत बसलो आहोत आणि इकडे ही दुसरी सीमा कोण कशी ओलांडतो, याकडे कोणाचे फारसे लक्ष नाही.

न्यायालयाच्या सीमेबद्दल आधी थोडे सांगतो. इंग्रजी अमलात मामलेदार सकाळी शेतसाऱ्याची वसुली पाही आणि दुपारी त्याच कचेरीत दंडाधिकारी म्हणून फौजदारी खटले चालवी. जो थकलेला सारा वसूल करतो, त्याच्याच पुढे आरोपी म्हणून उभे राहण्याची पाळी शेतकऱ्यावर येऊ शके. हे बंद व्हावे म्हणून घटनेच्या ५०व्या अनुच्छेदात न्यायव्यवस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी करण्याचे मार्गदर्शक तत्त्व आले. मुंबई राज्याने त्यासाठी १९५१ मध्येच कायदा केला आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने न्यायदंडाधिकारी आणि कार्यकारी दंडाधिकारी हे देशभर वेगळे केले. ही रेघ फळ्यावरच्यासारखीच ठसठशीत आहे, आणि तिच्यावरून भांडण झाले की ते साऱ्या देशाला ऐकू जाते. मार्च १९६४ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेने केशव सिंह नावाच्या गृहस्थाला हक्कभंगाबद्दल तुरुंगात पाठवले, अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्याला जामीन दिला, तेव्हा विधानसभेने चक्क त्या दोन न्यायमूर्तींनाच पकडून सभागृहापुढे आणण्याचा ठराव केला. त्यावर उच्च न्यायालयाचे २८ न्यायमूर्ती एकत्र बसले आणि त्यांनी त्या ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. शेवटी राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवले आणि सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांच्या अध्यक्षतेखालील सात जणांच्या पीठाने बहुमताने न्यायमूर्तींच्या बाजूने मत दिले. प्रकार गंभीर होता, थोडा हास्यास्पदही होता, पण दोन्ही पक्ष आपापल्या पायांवर उभे राहून भांडत होते आणि म्हणूनच त्याचा निकाल लागू शकला.

सरकार आणि सभागृह यांच्यात असे भांडण होत नाही, कारण सभागृहाच्या वतीने भांडायला बहुधा कोणीच नसते. बहुमत सरकारचेच असते. १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या तरतुदीमुळे व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षाचा आदेश, मोडणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाऊ शकते, आणि अधिवेशन कधी बोलवायचे व कधी संपवायचे हेही राष्ट्रपती किंवा राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच ठरवतात. २००३ च्या दुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केली, हे चांगले झाले. तरी त्या हिशेबाने २८८ सदस्यांच्या आपल्या विधानसभेत ४३ मंत्री होऊ शकतात आणि उरलेल्यांतले कितीजण मंत्रिपदाच्या आशेवर गप्प बसतात, याची मोजदाद कोणत्याही अनुच्छेदात नाही.

या दुबळेपणाची खरी परीक्षा वटहुकुमात होते. अनुच्छेद १२३ राष्ट्रपतींना आणि अनुच्छेद २१३ राज्यपालांना अधिवेशन चालू नसताना, तातडीची गरज असेल तर, कायद्याइतकेच बळ असलेला वटहुकूम काढण्याचा अधिकार देतो. सल्ला अर्थात मंत्रिमंडळाचाच असतो. म्हणजे जे सरकार कायदा राबवते, तेच त्या काळापुरते कायदा करते. घटनाकारांनी त्याला कुंपण घातले होते: वटहुकूम सभागृहापुढे ठेवला पाहिजे आणि सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत तो मंजूर झाला नाही, तर तो संपतो. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर पडू द्यायचे नाही, असा नियम असल्याने वटहुकुमाचे आयुष्य फार तर साडेसात महिने. कागदावर हे कुंपण पुरेसे वाटते.

लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांना मात्र तसे वाटले नव्हते. वटहुकूम काढणे ही मुळातच लोकशाहीला न शोभणारी गोष्ट आहे आणि अगदीच निकड असल्याखेरीज सरकारने त्या वाटेला जाऊ नये, असे त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्रांतून स्पष्ट कळवले होते. अध्यक्ष आणि पंतप्रधान एकाच पक्षाचे असतानाची ही गोष्ट आहे. पुढे १९ जुलै १९६९ रोजी, शनिवारी, १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण वटहुकुमाने झाले, तेव्हा संसद सोमवारी, म्हणजे २१ जुलैला भरणारच होती. राष्ट्रीयीकरण बरोबर की चूक, हा वाद इथे नको. त्या दोन दिवसांत असे काय बिघडणार होते, एवढे विचारण्याचा हक्क मात्र संसदेला होता.

मला सर्वांत अस्वस्थ करणारी कथा बिहारमधली आहे आणि ती उजेडात आणली पुण्याने. गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक डी. सी. वाधवा हे अभ्यासासाठी बिहारचे कायदे चाळत असताना त्यांच्या लक्षात आले, की तिथे विधेयकांची जागा वटहुकुमांनी घेतली आहे. १९६७ ते १९८१ या काळात राज्यपालांनी २५६ वटहुकूम काढले होते. ते सभागृहात आणायचे नाहीत, अधिवेशन संपू द्यायचे आणि मुदत टळण्याआधी तोच मजकूर नव्या तारखेने पुन्हा जारी करायचा, असा क्रम होता. काही वटहुकूम अशा रीतीने वर्षानुवर्षे जगवले गेले. ऊस पुरवठा आणि खरेदीसंबंधीचा एक तर जवळजवळ १४ वर्षे. याचिकेत ज्या वटहुकुमांना आव्हान दिले होते, त्यांच्या नावातच ‘तिसरा वटहुकूम, १९८३’ असा आकडा होता. आणि हे काही चोरून चालले नव्हते. अधिवेशन संपत आले, की सरकारी खात्यांना परिपत्रक जाई: सत्रसमाप्ती होत आहे, तेव्हा आपापले वटहुकूम पुन्हा काढून घेण्यासाठी विधी खात्याशी संपर्क साधावा. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आले आहे. परवाना नूतनीकरणाची आठवण करून द्यावी, तशी त्याची भाषा आहे. ती लिहिणाऱ्या कारकुनाला आपण काही गैर करत आहोत असे क्षणभरही वाटले नसेल, आणि मला खरी भीती वाटते ती याचीच.

२० डिसेंबर १९८६ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही पद्धत म्हणजे घटनेशी केलेली लबाडी आहे, असा निकाल दिला आणि वाधवांना दहा हजार रुपये खर्च देण्याचा आदेश राज्याला दिला. या वटहुकुमांनी प्राध्यापकाचे वैयक्तिक नुकसान काय झाले, असा आक्षेप सरकारने घेतला होता. आपला कारभार घटनेप्रमाणे चालावा, एवढा आग्रह धरायला नागरिक असणे पुरेसे आहे, अशा अर्थाचे उत्तर न्यायालयाने दिले. इथे कोणी न्यायालयाने ढवळाढवळ केली म्हणेल, तर म्हणो. ज्या सभागृहाचा अधिकार चौदा वर्षे वापरला जात होता, त्या सभागृहाने काहीच केले नाही, म्हणून पुण्यातल्या एका अभ्यासकाला दिल्लीला जावे लागले.

त्यानंतर तरी हे थांबायला हवे होते. पण त्याच राज्याने १९८९ पासून ४२९ संस्कृत शाळा ताब्यात घेण्यासाठी वटहुकुमांची मालिका काढली आणि त्यांतला एकही विधिमंडळापुढे ठेवला नाही. एप्रिल १९९२ मध्ये शेवटचा वटहुकूम संपला. आपण सरकारी नोकर झालो, असे मानून चाललेले तिथले शिक्षक पगारासाठी न्यायालयात गेले, आणि २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितले, की वटहुकूम सभागृहापुढे ठेवणे हे घटनेने घातलेले बंधन आहे, ते सरकारच्या मर्जीवर सोडलेले नाही; आणि अशा वटहुकुमांतून कायमचे हक्क निर्माण होत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबरच आहे. पण मी स्वतः शिक्षक असल्यामुळे पंचवीस वर्षे त्या उत्तराची वाट पाहणारे ते मास्तर माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. सत्ताविभाजन ही पाठ्यपुस्तकातली गोष्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ती त्यांच्या पगारपत्रकातून वाचावी.

आता आपल्याला एक विनंती. वटहुकूम निघतो, तेव्हा आपले दैनिक त्यातल्या तरतुदी आणि त्यावरच्या प्रतिक्रिया सविस्तर छापते. त्याच बातमीच्या खाली एक लहानशी चौकट द्यावी: पुढचे अधिवेशन किती तारखेला भरणार आहे, हाच मजकूर यापूर्वी वटहुकुमाने आला होता का, आणि मंजुरी न मिळाल्यास तो कोणत्या तारखेला संपेल. अधिवेशन सुरू झाल्यावर तो सभागृहाच्या पटलावर ठेवला गेला की नाही, हे एका ओळीत छापावे. सहा आठवड्यांनी त्याचे काय झाले, तेही एका ओळीत. यासाठी वार्ताहराला फार तर विधिमंडळाची त्या दिवसाची कामकाजपत्रिका पाहावी लागेल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक