मूकपटाला पेटीची साथ देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

‘गर्ल शाय’च्या खेळाला तुम्ही पेटी वाजवलीत, त्याबद्दल त्या दिवशी गर्दीत नुसते हात जोडता आले. तेवढ्याने भागत नाही, आणि वाचनालयाच्या बाकी सभासदांनाही कळावं, म्हणून हे पत्र उघडच लिहितोय.

हॅरॉल्ड लॉइडचा हा १९२४ सालचा मूकपट अमेरिकेत २०२० पासून कॉपीराइटमुक्त आहे, त्यामुळे तो मिळवणं सोपं गेलं. पण हाती आलेल्या प्रतीला संगीतच नव्हतं. पंख्याच्या घरघरीत विनोदी चित्रपट बघायला कोण बसणार? मूकपटांच्या काळात आपल्याकडेही पडद्यापुढे पेटी-तबला असायचा, ही आठवण तुम्हीच करून दिलीत आणि तबल्याला स्वतःचा विद्यार्थीही घेऊन आलात.

माझी धास्ती मात्र वेगळी होती. नायक शिंप्याच्या दुकानात काम शिकणारा. मुलगी समोर आली की बोलताना अडखळतो, शिट्टी ऐकली की जीभ सुटते. आणि हा गडी मुलींना जिंकावं कसं यावर पुस्तक लिहितो! मी स्वतः अडखळत बोलतो. त्यावर हशा कसा पिकतो, हे शाळेपासून माहीत आहे. त्या जागी एखादा चिडवणारा सूर निघाला असता, तर मी बहुधा उठून बाहेर गेलो असतो.

तुम्ही तिथे भात्यावरचा हात काढलात. दर वेळी. हॅरॉल्डचे ओठ धडपडतायत, मान ताणली जातेय आणि पेटी गप्प. लोक हसले, नाही असं नाही. पण शब्द बाहेर पडल्यावर, त्याच्याबरोबर सुटल्यासारखे हसले.

त्याच्या पुस्तकातल्या काल्पनिक प्रेमप्रकरणांना तुम्ही लावणीचा ठेका धरायला लावलात, तेव्हा पुढच्या रांगेतल्या आजोबांनी चक्क टाळ्या वाजवल्या. आगगाडीत नायिकेचं, मेरीचं, कुत्रं लपवताना दोघांची ओळख होते, तिथे पिलू राग. इतका साधा निर्णय, पण त्यानंतर मेरी पडद्यावर आली की पिलूची ती ओळ ऐकायला कान आपसूक तयार असायचे.

आणि शेवटची धावाधाव! मेरीचं लग्न आधीच बायको असलेल्या माणसाशी लागतंय, ते थांबवायला हॅरॉल्ड मोटार, घोडा, ट्राम, मोटारसायकल, जे सापडेल ते घेऊन सुटतो. (१९१९ मध्ये एका अपघातात लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली होती, ही सगळी लटकालटकी त्यानंतरची. खेळाआधी सांगायचं राहून गेलं.) तबला इतका चढला की मुलं खुर्च्यांवर उभी राहिली. तो लग्नघरात पोचतो आणि ऐन वेळी वाचा बसते. पेटी-तबला दोन्ही थांबले. मग त्याने नवरीला सरळ खांद्यावर टाकलं, आणि तुम्ही पिलू द्रुत लयीत उचललंत! प्रेमकथेला याहून नेमकी साथ मला तरी माहीत नाही.

मानधनाचं पाकीट तुम्ही परत केलंत. ती रक्कम तुमच्या नावाने पुस्तक खात्यात जमा केली आहे. पावती सोबत जोडली आहे. तबलजीचं पाकीट मात्र त्याच्याच हातात दिलंय, ते परत करायला लावू नका.

आपला,
वाचनालयाचा एक कार्यकर्ता