तुझ्या जिन्याचा हिशेब

खानापूर,
रविवार

चि. सोनीस अनेक आशीर्वाद.

काल फोन तू ठेवलास की कट झाला, ते विचारत नाही. लॅबमध्ये उभ्या उभ्या चक्कर आली हे मला तुझ्या मैत्रिणीकडून कळतं, आणि वर तू मला गणित ऐकवतेस! "बाबा, वजन ४६ किलो, तिसरा मजला ९ मीटर, गुणिले गुरुत्वाकर्षणाचे ९.८, झाले ४०५७ जूल. एक किलोकॅलरीसुद्धा नाही. नाश्ता कशाला पाहिजे?" आईला अजून काही बोललेलो नाही. धाकट्या आत्याचं झालं तेव्हापासून नुसतं चक्कर म्हटलं तरी ती हातातलं टाकून खाली बसते.

गुणाकार बरोबर आहे, तेवढं मान्य. पण हे झालं फक्त वजन वर नेण्याचं. तू आपल्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात बसून कॉइलचे फेरे मोजायचीस, व्हार्निशच्या वासानं डोकं धरायचीस, तरी उठायची नाहीस. एवढं बघितलेल्या पोरीनं असं बोलावं? आपल्या घरावरची टाकी घे. १००० लिटर पाणी, उंची तीच ९ मीटर, म्हणजे ८८,२०० जूल. मोटर १ एच.पी.ची, म्हणजे ७४६ वॅट, सेकंदाला ७४६ जूल. भागून बघ, दोन मिनिटांत टाकी भरायला पाहिजे. भरते का? पाच मिनिटं तरी लागतात. बाकीचं पंपात, पाइपच्या वळणांत, पाइपच्या तळाच्या फूटव्हॉल्व्हात जातं. आणि पाणी न चढवता मोटर नुसती फिरत राहिली तरी वीज खातेच, हात लावला तर गरम लागते.

माणसाचंही तसंच. स्नायूंना शंभर जूल मिळाले तर पंचवीसच्या आसपास कामाला लागतात, बाकीची उष्णता होते. म्हणजे तुझे ४०५७ तिथंच चौपट झाले. शिवाय तू गादीवर नुसती पडून राहिलीस तरी तुझ्या अंगाला साधारण ६० वॅट लागतात. गुणिले ८६,४०० सेकंद. होतात ५१ लाख ८४ हजार जूल, म्हणजे १२४० किलोकॅलरी, तेही एक पायरी न चढता. त्यातला पाचवा हिस्सा एकटा मेंदू खातो म्हणे. हायस्कूलच्या सरांकडून आकडे तपासून घेतलेत, म्हणून ठासून लिहितोय. तेव्हा सकाळी खात जा.

आणि बेल झाल्यावर तू जिना पळत चढतेस, ते मला ठाऊक आहे. तीस सेकंदांत चढलीस तर १३५ वॅट, पंधरा सेकंदांत चढलीस तर २७०. जूल तेवढेच, पण वॅट दुप्पट, आणि तेही रात्रीपासून रिकाम्या पोटी. चक्कर येणार नाही तर काय होणार?

भाषण झालं बघ. रागावू नको. खाण्याचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसलो होतो.

पेपरचे मार्क बघितले. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली तू, धारवाडला जाऊन सगळं इंग्रजीतून लिहितेस आणि फिजिक्समध्ये वर्गात दुसरी येतेस. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी ते सांगतोय. काल मोटर जळाली म्हणून एक जण बैलूरहून आला होता, त्यालाही सांगितलं, आणि रिवाइंडिंगचा दर सांगायचं राहूनच गेलं. पण सीईटीसाठी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागायची गरज आहे का गं? जागलीस तरी काहीतरी खाऊन जाग. मेसचं आवडत नसेल तर सांग, कुणीही सांगणार नाही की पोरगी नखरे करते.

आईनं शेंगदाण्याचे लाडू आणि नाचणीचं पीठ बांधलंय. काका बुधवारी अळणावरला जाणार आहे, तिथून पुढं धारवाडला येऊन हॉस्टेलच्या गेटवर देईल. लाडू मैत्रिणींना वाट, पण सगळे वाटू नको. पीठ दुधात शिजवून घे. तुमच्या रूमवर शेगडी चालत नाही म्हणतात, तर मेसच्या मावशींना विचार, त्या करून देतील.

पेपरमधल्या चौथ्या गणितात मिनिटांचे सेकंद करायचे राहिले होते, म्हणून दोन मार्क गेले. ते सकाळचे रिकाम्या पोटीच सोडवलं होतंस ना?

तुझे
बाबा

ता. क. बुधवारी काका भेटला की फोन कर. आईशी बोलताना लॅबचं काढू नको. मला मात्र सकाळी काय खाल्लंस ते सांग.