प्रलय सांगलीत आण

सांगली

प्रिय बंड्या,

तुझ्या कादंबरीची तिन्ही प्रकरणं वाचली. कल्पना दमदार आहे. पण सगळं न्यूयॉर्कमध्ये का घडतंय? ते शहर तू पाहिलेलं नाहीस, मीही नाही. तिथले मनोरे कोसळले तरी माझ्या पोटात काही हललं नाही. मनापासून सांगतो, हा प्रलय सांगलीत आण.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांना गेलं की इशारा, ४५ ला धोका, हे इथलं शाळकरी पोरही सांगतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्या दिवसांत फोन उचलला की पहिला प्रश्न एकच, "किती फूट?" आता कल्पना कर, पाऊस उघडलाय, कोयनेचे दरवाजे बंद आहेत, ऊन पडलंय, आणि आकडा तरीही चढतोय. साठ. सत्तर. का, ते कुणालाच कळत नाही. हे लिहितानाच माझ्या अंगावर काटा आला बघ.

मोठ्या लेखकांनीही जवळचंच घेतलं. १८१५ साली इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही. थंडीपावसानं पिकं गेली. या दोन्हींचा संबंध लोकांना खूप पुढं कळला. पण त्याच उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी इंग्रज कवी बायरननं सूर्य विझल्याची कविता लिहिली. तिच्यात माणसं उजेडासाठी राजवाडे जाळतात, झोपड्याही जाळतात. तेव्हा सोबत असलेल्या मेरी शेलीनं दहा वर्षांनी, १८२६ मध्ये, साथीत सगळं जग मरून एकच माणूस उरतो अशी कादंबरी लिहिली. तोवर तिची तीन मुलं गेली होती, नवरा बुडून गेला होता, बायरनही गेला होता. तो शेवटचा माणूस तिला लांब शोधावा लागला नसणार.

दुसरं, तुझं जग दहाव्या पानावरच संपतं. इतकी घाई कशाला? दासबोधाचा तेरावा दशक काढून बघ. समर्थांचा प्रलय क्रमानं येतो. आधी शंभर वर्षं पाऊस नाही, मग सूर्य बारा कळांनी तापतो, मग पृथ्वी पाण्यात विरते, पाणी तेजात, तेज वायूत, वायू आकाशात. एकेक आधार निघत जातो आणि वाचणारा प्रत्येक वेळी पुढच्याला घट्ट धरतो. सज्जनगडच्या वाटेवर वाढलेल्या माणसानं हे सोडून परदेशी सिनेमे का गिरवावेत?

आणि आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं! हळद साठवायची जमिनीतली कोठारं, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत घागरीसारखी फुगलेली. आत हवा कोंडते, म्हणून उतरण्याआधी कंदील सोडून बघतात. तो विझला तर उतरायचं नाही. २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली. तुझं शेवटचं कुटुंब अशाच एका उरलेल्या, रिकाम्या पेवात लपू दे. वर राहता येत नाही, खाली कंदील टिकत नाही. बापानं आधी कुणाला उतरवायचं? हे प्रकरण तूच लिहू शकतोस, म्हणून एवढा मागं लागलोय.

त्या धाकट्या मुलीचं पात्र मात्र अजिबात बदलू नकोस. ती पहिल्या ओळीपासून जिवंत आहे.

पावसाळ्याआधी ये. हरिपूरला जाऊन पेव बघू, संगमावर बसून पुढची प्रकरणं ठरवू. चौथं कच्चं असलं तरी पाठव.

तुझा,
अवी