बाळंतपण बेळगावातच

वडगाव, बेळगाव
4 जून

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला गेलं की आई रडते आणि बाबा "बरं, बरं" म्हणत फोन दादाच्या हातात देतात, म्हणून लिहितेय. पहिलं बाळंतपण माहेरी होणार नाही. मी इथंच बाळंत होणार. ठरलंय, ह्यांच्याशी आणि सासूबाईंशी बोलून झालंय.

रागावू नका, आधी पुरतं वाचा. आई, डोहाळजेवणाला तू भरलेला हिरवा चुडा चार दिवसांत मनगटात रुतायला लागला. मला वाटलं, अंग भरलंय. पाय तर सगळ्यांचेच सुजतात. पण एका सकाळी तोंडही सुजलेलं, अंगठी निघेना. आशाताईंनी बघितलं आणि त्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं. बीपी वरचं 148, खालचं 94, आणि लघवीत प्रोटीन. नर्सबाईंनी साबण लावून बांगड्या काढल्या, दोन मात्र वाढवाव्या लागल्या. काचा टाकल्या नाहीत, डबीत ठेवल्यात. मनात काही आणू नकोस.

आता गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. ह्यांनी घरी मशीन आणलंय आणि दुधाच्या हिशोबासारखं वहीत मांडून ठेवतात. कालचं 136 आणि 86. बाळ मजेत आहे, रात्रीचं जेवण झालं की लाथा सुरू.

तारीख जुलैच्या शेवटची. तेव्हा आपल्याकडे काय पाऊस असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. ओढा चढला की जांबोटीपर्यंत पोचायचीच मारामार, पुढे बेळगाव कुठलं. 108 ला फोन करायचा तर रेंजसाठी शाळेच्या माळावर जायचं. बाबा, तुम्ही मला खांद्यावर घेऊन तो ओढा ओलांडायचा, छत्री माझ्या हातात आणि दप्तराचा बंद तुमच्या दातांत. आता तुमची लेक 71 किलोची झालीय हो, आणि आत आणखी एक जण.

आणि काकूचं. काढणार नव्हते. तुमचं कुणाचं चुकलं असं मी म्हणत नाही, तेव्हा आपल्या घरात हे ठाऊक कुणाला होतं? पण बाळंतपणाच्या नवव्या दिवशी ती "डोकं फुटतंय, दिवे दोन दिसताहेत" म्हणाली आणि आजीनं वारं लागलं म्हणून तिचे कान बांधले, ते मी माजघराच्या दारातून बघितलंय. डॉक्टरबाईंना सांगितलं तेव्हा त्या जरा वेळ गप्पच बसल्या. मग म्हणाल्या, हा बीपीचा आजार बाळंत झालं की संपलाच असं नाही, पुढं 6 आठवड्यांपर्यंत उफाळू शकतो, आधी बीपी नव्हतं अशा बाईलाही. आई, तुझा सव्वा महिना आणि त्यांचे 6 आठवडे, हिशोब जवळजवळ एकच की.

म्हणून आता ऐक. डोकं दुखायचं थांबेना, डोळ्यांपुढं काजवे चमकताहेत, उजव्या बरगडीखाली कळ येतेय असं मी म्हटलं, तर कान बांधू नकोस, गाडी काढायला सांग. मशीनवर वरचं 160 किंवा खालचं 110 दिसलं, तर मी "बरी आहे ग" म्हटलं तरी ऐकायचं नाही. फिट आली तर तोंडात चमचा नको, पाणी नको, कुशीवर वळवायचं आणि 108 फिरवायचा. बाळ पोटात असताना त्याची हालचाल मंदावली तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही. बाळंत झाल्यावर तासाभरात पॅड चिंब व्हायला लागलं तर "घाण जातेय, जाऊ दे" हे तुझं आवडतं वाक्य गिळून टाक. ताप 100.4 च्या वर गेला, अंगावरून जाणाऱ्याला वास यायला लागला, एकच पोटरी सुजून दुखायला लागली किंवा बसल्या जागी दम लागला, तरी तेच. काढा-बिढा काही नाही, दवाखाना.

रडायचं म्हणशील तर पहिले काही दिवस रडू दे मला, त्याला औषध नको. पण दोन आठवडे झाले तरी तसंच चाललंय, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नाही असं दिसलं, तर "रडून दूध आटतं" म्हणून गप्प करू नकोस, ह्यांना सांग. आणि जीव नकोसा झालाय असं तोंडातून निघालं तर त्याच दिवशी दवाखाना, मला एकटीला ठेवायचं नाही.

पुरे. तुम्ही दोघं जुलैच्या पहिल्या आयतवारी इकडे या. खोली खालचीच आहे, जिना नाही, आणि बाबांच्या गुडघ्यांसाठी कमोड बसवून घेतलाय. पेपर सहाला येतो. तांबूची धार दादा काढेल, वैनीनं स्वतः सांगितलंय, तेव्हा तो बहाणा चालणार नाही. आई, लाल बसला तुला तिकीट नाहीच, आधार कार्ड तेवढं विसरू नकोस. बाबांच्या बीपीच्या गोळ्या महिन्याच्या आणा. मशीन घरात आहेच, रोज सकाळी तुमचंही बघणार आहे मी, मागच्या वेळेसारखं "मला काय झालंय" चालणार नाही.

तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या तपासण्यांचं सरकारी कार्ड, आणि रिपोर्ट भरलेली पिशवी दाराच्या खुंटीला लावून ठेवलीय, आल्या आल्या दाखवते. बाकी सगळं तुझ्याच हातचं हवं. तेल, न्हाणं, शेक. फक्त कोळशाची शेगडी बंद खोलीत नको, आम्ही दोघं गुदमरू. डिंक, अळीव तिकडचाच आण. लाडवांत तूप हात राखून घालू नकोस, बाईंना विचारून घेतलंय.

तुमची
बाळी